हायब्रिड मोटारीचे रूप : वारा, डिकी आणि रुबाब

मोटारीच्या सौंदर्याची चर्चा आपल्याकडे बहुधा रंग, पुढची जाळी आणि दिवे यांच्या पलीकडे जात नाही, आणि साध्या पेट्रोल वा डिझेलच्या गाडीबाबत ती तेवढ्यावर थांबली तरी फारसे बिघडत नाही. हायब्रिड मोटारीचे रूप मात्र इंधनाच्या हिशेबाशी थेट जोडलेले असते, आणि हा संबंध पुणे–सोलापूर महामार्गावर जितका स्पष्ट दिसतो तितका शहरात दिसत नाही. पूर्वी ९ आणि आता ६५ असा क्रमांक असलेल्या या राष्ट्रीय महामार्गाच्या वाटेत मोठा घाट नाही. टेंभुर्णी सोडून माढा तालुक्यातील मोडनिंबकडे निघालेली गाडी वरवड्याच्या टोलनाक्याचा थांबा वगळता बराच वेळ एकाच वेगाने धावू शकते. अशा रस्त्यावर हायब्रिड गाडीतील खास यंत्रणेला करण्याजोगे काम थोडेच उरते, आणि इंधन वाचवण्याची बरीचशी जबाबदारी गाडीच्या अंगलोटीवर येऊन पडते.

हे का घडते हे समजण्यासाठी यंत्रणेची थोडी ओळख हवी. हायब्रिड म्हणजे संमिश्र शक्तीची मोटार: तिच्यात इंधनावर चालणारे इंजिन असतेच, त्याच्या जोडीला विजेवर चालणारी मोटर आणि बॅटरी असते, आणि कोणत्या क्षणी कोणी किती ओढायचे हे एक संगणकीय नियंत्रक ठरवतो. साध्या गाडीचा ब्रेक दाबला की तिच्या गतीत साठलेली ऊर्जा घर्षणामुळे उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हायब्रिडमध्ये त्याच वेळी मोटर जनित्राचे काम करू लागते आणि त्या ऊर्जेचा काही भाग वीज होऊन बॅटरीत परत जमा होतो. जिची मोटर इंजिन बंद ठेवूनही काही अंतर गाडी ओढू शकते तिला ‘स्ट्राँग हायब्रिड’ म्हणतात, आणि जिची लहानशी मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते तिला ‘माइल्ड हायब्रिड’. त्यामुळे पुण्यातील हडपसरच्या वाहतुकीत, जिथे पावलोपावली ब्रेक लावावा लागतो, स्ट्राँग हायब्रिड सर्वाधिक इंधन वाचवते, आणि मोडनिंबच्या परिसरातील मोकळ्या रस्त्यावर, जिथे ब्रेकला क्वचितच पाय लागतो, परत मिळवण्यासारखी ऊर्जाच फारशी नसते.

मोकळ्या रस्त्यावर पेट्रोल खर्च होते ते मुख्यतः हवा बाजूला सारण्यात. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ५० किलोमीटरवर जेवढा रोध असेल त्याच्या चौपट रोध ताशी १०० किलोमीटरवर होतो, आणि महामार्गाच्या वेगाला तो टायरांच्या घर्षणालाही मागे टाकतो. हा रोध गाडीच्या बाबतीत दोन गोष्टींवर अवलंबून असतो. पहिली म्हणजे समोरून पाहिल्यावर गाडी किती क्षेत्रफळ अडवते. दुसरी म्हणजे तो आकार हवेतून किती सहज निसटतो, आणि हे मोजण्यासाठी अभियंते ‘रोधगुणांक’ नावाचा एक आकडा वापरतात, जो जितका लहान तितका आकार निसटता. उंच, चौकोनी नाकाच्या गाडीत क्षेत्रफळही वाढते आणि गुणांकही वाढतो, आणि या दोहोंचा गुणाकार होत असल्याने तोटा दुहेरी होतो.

हवेला सर्वांत मानवणारा आकार पाण्याच्या थेंबाचा, पुढे गोल आणि मागे लांबट निमुळता असा असतो. परंतु तेवढी लांब शेपटी मोटारीला परवडत नाही. वुनिबाल्ड काम या जर्मन अभियंत्याने १९३०च्या दशकात असे दाखवले की निमुळती होत आलेली शेपटी मध्येच उभी छाटली तरी तिचा बहुतेक फायदा टिकून राहतो. छत मागे हळूहळू उतरत आणायचे आणि शेवटी एकदम तोडायचे, ही त्याची रीत पुढे हायब्रिड मोटारींची ओळखच ठरली, आणि ज्या घडणीला अनेकांनी कुरूप म्हटले ती मुळात हीच.

टोयोटाने १९९७च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये आणलेली पहिली प्रियस अजून या वळणावर गेली नव्हती. ती थोडी उंच, चार दारांची, निमुटशी सेडान होती आणि तिला कोणी सुंदर म्हटले नाही तसे कुरूप म्हणण्याचेही कारण नव्हते. होंडाने १९९९मध्ये आणलेली इनसाइट मात्र वाऱ्याला सर्वस्व वाहिलेली होती: दोनच आसने, ॲल्युमिनियमचे अंग, मागे निमुळती होत जाऊन छाटलेली शेपटी, आणि मागच्या चाकांवर हवा अडकू नये म्हणून ओढलेली झाकणे. तिचा रोधगुणांक ०.२५ होता, जो त्या काळी विक्रीला असलेल्या गाड्यांत फारच थोड्यांना साधला होता. झाकलेल्या चाकांमुळे गाडी चालताना जमिनीला टेकल्यासारखी वाटते, आणि चाक दिसल्याशिवाय गाडीत जोर आहे असे डोळ्याला पटत नाही. इनसाइट विचित्र दिसण्याचे खरे कारण बहुधा एवढेच असावे. २००३मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसने झाकणे टाळली, कामची छाटलेली शेपटी स्वीकारली आणि ०.२६ हा गुणांक गाठला. वरून एकाच कमानीत उतरणारे छत आणि मागे दोन तुकड्यांत विभागलेली काच, हा तिचा आकार पुढे जगभर ‘हायब्रिड’ या शब्दाचे चित्र बनून राहिला.

या आकाराला नाके मुरडली गेली तरी त्याचा व्यापारी फायदा मोठा झाला, कारण तो लांबून ओळखू येत असे. २००३च्या ऑस्कर समारंभाला हॉलिवूडचे काही नामवंत कलाकार लांबलचक लिमोझिन सोडून प्रियसमधून उतरले, आणि साधेपणाची ही मिरवणूक पुढे प्रतिष्ठेचीच एक रीत झाली. स्टीव्हन आणि ॲलिसन सेक्स्टन या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतील कोलोराडो आणि वॉशिंग्टन या राज्यांतील मोटारखरेदी तपासून असा निष्कर्ष काढला की आपली पर्यावरणनिष्ठा शेजाऱ्यांना दिसावी एवढ्यासाठी लोक प्रियसला, ठिकाणानुसार, सुमारे ४३० ते ४,२०० डॉलर जास्त मोजायला तयार होते. होंडाची सिव्हिक हायब्रिड बाहेरून साध्या सिव्हिकसारखीच होती आणि म्हणून तिला हा मान मिळाला नाही. कॅलिफोर्नियाने २००५नंतर काही वर्षे जादा मायलेजच्या हायब्रिडना पिवळे स्टिकर देऊन एकट्या चालकालाही सहप्रवाशांसाठी राखलेल्या मार्गिकेतून जाण्याची मुभा दिली होती. त्याच राज्यातील बे एरियात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी हायब्रिड गाडी पाहिली ती बरेचदा या रूपात, म्हणजे गर्दीतून वाट मिळवून देणारी, दिसायला काहीशी बेंगरूळ पण शहाण्या माणसाची गाडी म्हणून.

२०१५च्या चौथ्या प्रियसने हा विचित्रपणा टोकाला नेला. तिचा गुणांक ०.२४ इतका खाली आला, मात्र पुढचे दिवे खाली ओघळल्यासारखे आणि मागचे उभे चिरल्यासारखे होते, आणि त्यांतील वळणांचा वाऱ्याशी काही संबंध नव्हता. तिची कुरूपता गरजेतून आलेली नव्हती. वेगळे दिसण्याची सवय लागलेल्या कंपनीने ती मुद्दाम ओढवून घेतली होती, आणि काही वर्षांत दिवे बदलून तिलाच ती सौम्य करावी लागली. पुढची प्रियस सरळ टॅक्सी म्हणूनच काढावी असा प्रस्ताव टोयोटाचे तत्कालीन प्रमुख अकिओ टोयोडा यांनी मांडला होता, आणि आरेखनकारांनी त्याला विरोध करून मनाला ओढ लावणारी गाडी काढण्याचा आग्रह धरला, ही हकिकत कंपनीने स्वतःच २०२२च्या नोव्हेंबरमध्ये पाचवी प्रियस दाखवताना सांगितली. ही नवी गाडी बसकी, लांब आणि पुढे झेपावल्यासारखी आहे. २०२४चा जागतिक मोटार-आरेखनाचा पुरस्कार तिला मिळाला, आणि कित्येक वर्षे चेष्टेचा विषय असलेले नाव एकाएकी देखण्या गाड्यांच्या यादीत जाऊन बसले. या सौंदर्याची किंमत तिच्या आकड्यांत वाचता येते: रोधगुणांक ०.२४वरून ०.२७ झाला. अभियंत्यांनी समोरचे क्षेत्रफळ घटवून आणि १९ इंची पण अरुंद टायर देऊन त्याची पुष्कळशी भरपाई केली. तरीही डोळ्याला दिलेली सवलत वाऱ्याकडून वसूल होते, हे त्यातून नाकारता येत नाही.

भारतात हे सारे नाट्य जवळजवळ पडद्याआड घडले. होंडाने २००८मध्ये सिव्हिक हायब्रिड २१ लाखांहून जास्त किमतीला आणली आणि त्याच वर्षी तिच्यावर सुमारे ८ लाखांची सूट देण्याची वेळ कंपनीवर आली, कारण शेजारच्या सिव्हिकहून वेगळी न दिसणारी गाडी कित्येक लाख जादा देऊन कोण घेणार? २०१०मध्ये प्रियस आली ती जपानहून तयार आयात होऊन, आयात कराचा बोजा घेऊन, आणि तिची किंमत तिच्या रूपाहून जास्त चर्चेचा विषय ठरली. पुढे मारुतीने २०१५पासून सियाझ आणि अर्टिगा या गाड्यांना माइल्ड हायब्रिड यंत्रणा देऊन मागच्या दारावर तसे बोधचिन्ह लावले, त्यामुळे ‘हायब्रिड’ हा शब्द गावोगाव पोहोचला, रूप मात्र पोहोचले नाही. २०१७मध्ये वस्तू आणि सेवा कर आला तेव्हा मोठ्या हायब्रिडवर उपकरासह ४३ टक्के कर बसला, विजेच्या मोटारींवरील कर पुढे ५ टक्क्यांपर्यंत उतरला, आणि या तफावतीमुळे आणखी काही वर्षे हा प्रकार मागेच राहिला.

पुढची कथा महाराष्ट्राला जवळची आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून लोखंडी नांगर बनवला आणि १९१०मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे तो नांगर शेतकऱ्याच्या गळी उतरवण्यास त्यांना बराच काळ लागला होता. त्याच घराण्याच्या चौथ्या पिढीतील विक्रम किर्लोस्कर यांच्या सहभागाने १९९७मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी स्थापन झाली, बेंगळुरूजवळ बिडदी येथे तिचा कारखाना उभा राहिला, आणि २००० साली तेथून क्वालिस बाहेर पडली. क्वालिस दिसायला जुनाट, खोक्यासारखी होती. असे असूनही लग्नाच्या वऱ्हाडापासून अक्कलकोट–तुळजापूर–पंढरपूरच्या दर्शनापर्यंत ती महाराष्ट्राने आपलीशी केली. २००५मध्ये तिच्या जागी इनोव्हा आली, आणि आमदारांपासून भाड्याच्या गाडीवाल्यांपर्यंत सर्वांची ती गाडी झाली. मराठी ग्राहकाला खोक्याचे वावडे नाही, हे यावरून दिसते. गाडी उंच, भरदार आणि भरवशाची वाटली की खोकेही देखणे होते.

इनोव्हा हायक्रॉस या नावाची हायब्रिड २०२२च्या २५ नोव्हेंबरला सादर झाली आणि त्यानंतर चारच दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, विक्रम किर्लोस्कर यांचे निधन झाले. हायक्रॉसमध्ये आतून जवळजवळ सर्व बदलले होते. जुन्या इनोव्हात ट्रकसारख्या शिडीच्या सांगाड्यावर अंग बसवलेले असे आणि जोर मागच्या चाकांना मिळे; हायक्रॉसमध्ये अंग आणि सांगाडा एकच केलेला असून जोर पुढच्या चाकांना मिळतो, आणि डिझेलऐवजी दोन लिटरचे पेट्रोल इंजिन मोटरच्या साथीने काम करते. कंपनीचा दावा लिटरला २३.२४ किलोमीटरचा आहे, जो एवढ्या मोठ्या गाडीला पूर्वी अशक्यप्राय वाटला असता. एवढी आधुनिक यंत्रणा ज्या अंगात बसवली त्याचे नाक मात्र उंच, बोनेट सपाट आणि जाळी भलीमोठी ठेवली गेली, जेणेकरून समोरून पाहणाऱ्याला फॉर्च्युनरची आठवण व्हावी. प्रियसच्या आरेखनकाराने वाऱ्याला विचारून नाक काढले होते. हायक्रॉसच्या आरेखनकाराने ते टोलनाक्यावरच्या रांगेत पुढच्या गाडीच्या आरशात कसे दिसेल याचा विचार करून काढले असावे.

आपल्याकडे ज्याला ‘रुबाब’ म्हणतात तो मोटारीच्या आरेखनात फार काम करतो. सोलापूर जिल्ह्यात, जिथे ऊस, डाळिंब आणि राजकारण यांनी मोटारखरेदीला गती दिली, पांढरी स्कॉर्पिओ किंवा फॉर्च्युनर दारात उभी राहणे याचा अर्थ शब्दांत सांगावा लागत नाही. बसकी गाडी या नजरेला अपुरी वाटते, आणि या नजरेला अडाणी म्हणणे अन्यायाचे होईल, कारण शेतातील कच्च्या वाटा आणि पावसाळ्यातील ओढ्यांचे फरशी पूल यांवरून ज्याला जायचे आहे त्याला जमिनीपासून उंच असलेली गाडी खरोखरच लागते. तथापि उंचीची गरज जिथे संपते तिथून पुढे जो उभा चेहरा लावला जातो तो निव्वळ शोभेचा असतो, आणि महामार्गावर त्याचे भाडे दर किलोमीटरला भरावे लागते.

२०२२मध्ये बाजारात आलेल्या मारुतीच्या ग्रँड विटारा आणि टोयोटाच्या हायरायडर या जोडीत ही गोष्ट आणखी उघड होते. दोन्ही एकाच कारखान्यात, बिडदीला, बनतात, दोघींचे अंग एक, दोन्हींचा दावा लिटरला २७.९७ किलोमीटरचा, फरक आहे तो पुढच्या चेहऱ्याचा आणि मागच्या दिव्यांचा. शिवाय त्याच अंगात माइल्ड हायब्रिड मिळते तसे स्ट्राँग हायब्रिडही मिळते, आणि दोहोंतील फरक रस्त्यावरच्या माणसाला कळतो तो एका बारीक बोधचिन्हावरून. विजेच्या गाडीला सरकारने हिरवी नंबरप्लेट दिली आहे, हायब्रिडला मात्र इतर खासगी गाड्यांसारखी पांढरीच. हॉलिवूडने जी ओळख मिरवली ती येथे जणू लपवली गेली, आणि विक्रीच्या दृष्टीने ते चुकले असे म्हणता येत नाही, कारण येथील ग्राहकाचा पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती देते’ हा असतो आणि पर्यावरणाची जाहिरात करण्याची त्याला निकड नसते.

बाहेर न दिसणारी गोष्ट मागचे दार उघडल्यावर दिसते. बॅटरीला जागा लागते, आणि ती बहुधा डिकीतून काढली जाते: माइल्ड ग्रँड विटाराची डिकी ३७३ लिटरची आहे आणि स्ट्राँगची २६५ लिटरची. होंडा सिटीच्या साध्या गाडीत ५०६ लिटर सामान मावते, तर २०२२मध्ये आलेल्या हायब्रिड सिटीत ३०६ लिटर. सीएनजीच्या टाकीमुळे डिकी गमावण्याची सवय असलेल्या ग्राहकाला हा तोटा नवा नाही, पण आषाढीला पंढरपूरला निघालेल्या कुटुंबाचे गाठोडे मावणार की नाही, या प्रश्नापुढे दिव्यांच्या नक्षीची चर्चा मागे पडते. हायब्रिडचे खरे कुरूप अंग असेल तर ते येथे, डिकीच्या तळाशी आहे.

लिटरमागचे हे घसघशीत आकडे कसे येतात हेही पाहण्यासारखे आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत गाडी फिरत्या रुळांवर उभी करून ठरावीक वेगक्रमाने पळवली जाते आणि हवेचा रोध यंत्राने भासवला जातो. भारतीय चाचणीतील मोठा भाग शहरी, थांबत-थांबत धावण्याचा असून कमाल वेग ताशी ९० किलोमीटर एवढाच असतो. अशा चाचणीत स्ट्राँग हायब्रिडची यंत्रणा खुलून दिसते आणि उभ्या नाकाचा दोष झाकला जातो. टेंभुर्णी ते मोहोळ हे अंतर ताशी १०० किलोमीटरने कापणाऱ्याच्या पदरी तो आकडा पडत नाही, आणि मग दोष यंत्रणेला दिला जातो, जो खरे तर अंगलोटीला द्यायला हवा. भारतात विकल्या जाणाऱ्या हायब्रिडांत वाऱ्याचा मान राखणारी एक गाडी म्हणजे हायब्रिड सिटी, बसकी आणि लांबट. ती दिसायलाही चांगली आहे, असे येथे निःसंकोच नोंदवायला हरकत नाही. परंतु सेडानची मागणीच आटत चालली असताना तिला या रस्त्यावर फारसे अनुयायी मिळालेले नाहीत.

टोयोटा किर्लोस्करने ३१ जुलै २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाशी छत्रपती संभाजीनगर येथे विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांचा कारखाना उभारण्याविषयी सामंजस्य करार केला आहे, आणि या गुंतवणुकीचा अंदाज सुमारे २० हजार कोटी रुपयांचा आहे. याच पुणे–सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोर येथील एमआयटी डिझाइन संस्थेत वाहनांचे आरेखन शिकवले जाते. रुबाब आणि वारा यांचा मेळ कसा घालायचा, हा जो प्रश्न तेथील पदवीधरांपुढे येईल तो सोलापूरसारख्या ऊस-जिल्ह्यात आणखी तीव्र होईल. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते हायक्रॉसचे असे एक प्रायोगिक रूप सादर झाले, जे पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण पुष्कळ वाढवले तरी चालते. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. त्यामुळे टाकीत उसाचे इंधन जितके जास्त, तितके त्याच अंतरासाठी अधिक लिटर जळतात, आणि उभे नाक व रुंद जाळी यांनी अडवलेल्या वाऱ्याची किंमतही त्याच हिशेबाने लिटरांत वाढत जाते.